गच्चीवरच्या पाणवठ्यापाशी मोबाइल ठेवून दुरून फोटो कसा काढायचा?

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. उन्हाळाभर गच्चीवर कठड्याच्या सावलीत पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवते. सकाळी ऊन चढायच्या आत बुलबुल, दयाळ, साळुंक्या, शिंपी, चिमण्या आणि अधूनमधून मुनियांचा थवा येतो. माझ्याकडे मोठा कॅमेरा नाही, मोबाइलच आहे. तो हातात घेऊन दोन पावलं पुढे गेलं की सगळे उडून जातात. म्हणून मोबाइल छोट्या ट्रायपॉडवर भांड्यापासून हातभर अंतरावर ठेवायचा, आणि आपण जिन्याच्या दाराआड बसून फोटो काढायचा, असं डोक्यात आहे. अंतर वीस-पंचवीस फूट. टायमरचा उपयोग नाही, पक्षी कधी उतरेल ते आधी कसं कळणार?

फोन अँड्रॉइड आहे. घरात एक जुना आयफोनही पडून आहे. कमी खर्चाचा मार्ग हवा, आणि पक्ष्यांच्या पाणी पिण्यात अडथळा यायला नको. तेवढ्यासाठीच तर भांडं ठेवलंय.

बर्डीचा कारागीर

ताई, माझं मोबाइल दुरुस्तीचं काम आहे, बर्डीवर. आधी मूळ गोष्ट सांगतो, ती कळली की कोणता मार्ग तुमच्या फोनवर चालेल ते तुम्हीच ठरवू शकाल.

जवळपास प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्यात आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो. बाजारातला छोटा ब्लूटूथ रिमोट एवढंच करतो, दुरून ते बटण दाबतो. तो कॅमेऱ्याशी बोलत नाही. फोनच्या लेखी तो एक कीबोर्ड असतो, ज्याला एक किंवा दोनच बटणं आहेत. त्यामुळे वेगळं अॅप लागत नाही, फोनची कंपनी कोणती याने फरक पडत नाही, आणि वस्तू स्वस्त मिळते. याचा दुसरा अर्थ असा की जे जे काही फोनला ‘आवाज वाढव’ असं सांगू शकतं, ते सगळं तुमचं रिमोट होऊ शकतं. वायरचा इअरफोन, वायरचा कीबोर्ड, ब्लूटूथ कीबोर्ड, काहीही.

रिमोटवर दोन बटणं असली तर एकावर आयफोन आणि दुसऱ्यावर अँड्रॉइड असं छापलेलं असतं. एक बटण आवाज वाढवायचा संदेश पाठवतं, दुसरं एंटरचा. तुमच्या फोनवर छापल्याप्रमाणे चाललं नाही तर दुसरं दाबून पाहा. आत बहुतेक वेळा सीआर २०३२ हा बटणसेल असतो, तो कुठेही मिळतो.

गोरेवाडा पहाट

रिमोट घ्याच, पण फोटो चांगला येणं त्यावर अवलंबून नाही. ते आधीच्या तयारीवर आहे.

भांड्याच्या काठावर पक्षी साधारण कुठे बसतो ते दोन-तीन सकाळी नुसतं बघा. साळुंकी कुठूनही येते. शिंपी आणि बुलबुल मात्र आधी जवळच्या फांदीवर थांबून अंदाज घेतात आणि बहुधा त्याच बाजूने उतरतात. ती जागा सापडली की तिथे एक चपटा दगड ठेवा, अर्धा पाण्यात आणि अर्धा बाहेर. लहान पक्ष्यांना पाय टेकायला तो हवाच असतो. आता कॅमेरा उघडा आणि पडद्यावर त्या दगडावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे कुलूपबंद होतात. आयफोनवर वर पिवळ्या चौकटीत ‘एई/एएफ लॉक’ असं येतं, बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर कुलपाचं चिन्ह. हे केलं नाही तर पक्षी आल्यावर फोन फोकस शोधत बसतो आणि मागची भिंत ठळक येते.

फ्लॅश बंद. शटरचा आवाज बंद. आणि पहिल्याच दिवशी फोटोच्या मागे लागू नका. ट्रायपॉडवर फोनच्या आकाराचा पुठ्ठा लावून तो दोन-चार दिवस तसाच राहू द्या. पक्ष्यांना त्या वस्तूची सवय होते. नव्या वस्तूला घाबरून ते पाण्यावर यायचेच थांबले, तर ट्रायपॉड मागे घ्या. मे महिन्यातल्या नागपुरात पाणी फोटोपेक्षा महत्त्वाचं.

पाणवठा

पुठ्ठ्याची कल्पना फार आवडली. उद्यापासूनच ठेवते. आमचा फोन नवरोबांच्या बहिणीकडच्या लग्नात असाच रिमोटवर लावला होता, तेव्हा बटण दाबलं की फोटोऐवजी झूम होत होतं. रिमोट खराब होता का?

बर्डीचा कारागीर

रिमोट चांगला होता. फोनमध्ये आवाजाच्या बटणाला कॅमेऱ्यात झूमचं काम दिलेलं असणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘व्हॉल्यूम बटण’ शोधा. सॅमसंगमध्ये ते ‘शूटिंग मेथड्स’ या नावाखाली असतं. तिथे फोटो काढणे, झूम, आवाज कमी-जास्त करणे असे पर्याय दिसतील. फोटोचा निवडा. माझ्याकडे ‘रिमोट चालत नाही’ म्हणून जे येतात त्यांच्यापैकी कितीतरी जणांचं काम एवढ्यात होतं.

अंतराचं सांगायचं तर ब्लूटूथ मोकळ्या जागेत दहा मीटरपर्यंत धरून चाला. तुमचं अंतर त्यात बसतं, पण मध्ये सिमेंटची भिंत आली की ते झपाट्याने घटतं, म्हणून जिन्याचं दार थोडं उघडं ठेवा. दुसरं म्हणजे, रिमोट काही वेळ वापरला नाही की झोपतो. पहिलं बटण त्याला जागं करण्यात जातं आणि तेवढ्यात पक्षी निघून जातो. पक्षी समोरच्या फांदीवर दिसला की एकदा रिकामं दाबून ठेवा.

ओहमचा नियम

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून वायरच्या इअरफोनबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ब्लूटूथ झोपतं, वायर झोपत नाही.

साध्या ३.५ मिमी इअरफोनच्या वायरवर जी बटणं असतात, ती माइकच्या तारेवर वेगवेगळा रोध (रेझिस्टर) जोडतात. फोन तो रोध मोजतो आणि कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. अँड्रॉइडच्या ठरलेल्या मापात मधलं बटण म्हणजे शून्य ओहम, आवाज वाढवणं २४० ओहम आणि आवाज कमी करणं ४७० ओहम. म्हणजे २४० ओहमचा एक रोध, एक दाबायचं बटण आणि चार कड्यांची पिन एवढ्यात घरच्या घरी वायरचा रिमोट तयार होतो. माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग मी नेहमी देतो. सोल्डरिंग पहिल्यांदा शिकणाऱ्यालाही जमतो, आणि बटण दाबल्यावर समोर फोटो निघाला की ओहमचा नियम त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

सोल्डरिंग नको असेल तर जुना इअरफोन आणि एक्स्टेन्शन वायर घ्या. फक्त वायर घेताना पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे म्हणजे चार कड्या, तीच हवी. दोन पट्ट्यांच्या वायरीतून गाणं ऐकू येईल, पण माइकची तार त्यात नसल्याने बटणं चालणार नाहीत. दुकानात दोन्ही एकाच पेटीत पडलेल्या असतात.

जुन्या आयफोनला मात्र अॅपलचाच किंवा त्यासाठी बनवलेला इअरफोन लागेल. त्यांची आवाजाची बटणं वेगळ्या पद्धतीने चालतात. साध्या इअरफोनचं मधलं बटण तिथे चालतं, आवाजाची नाही.

वाडीचा गडी

ताई, म्या तं माऊस लावतो. ओटीजीचा जोड (फोनले यूएसबीची वस्तू लावाचा छोटा जोड) घ्या, त्याले घरचा वायरचा माऊस लावा, फोनच्या पडद्यावर बाण येते. मंग बाण फिरवून दगडावर क्लिक केलं का फोकस, अन् गोल बटणावर क्लिक केलं का फोटो. रिमोटमंदी फोकस बदलता येत नाही, माऊसमंदी येते. आमच्या वावरात झोपडीच्या आडून खंड्याचे फोटो असेच काढतो म्या.

वायर लांब पाहिजे तं यूएसबीची वाढीव वायर मिळते. पण लय लांब नोका करू, सारी मिळून पाच मीटरच्या आत ठेवा. त्याच्या पुढं भरोसा नाही.

पडदा दुरून दिसत नाही म्हणान, तं दुर्बीण हाय ना पक्षी पाहणाऱ्याजवळ? तिनंच पडदा पाहाचा.

गोरेवाडा पहाट

वाडीच्या भाऊंची दुर्बिणीची युक्ती खरंच उपयोगी आहे. ८ × ४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून वीस फुटांवरचा पडदा स्वच्छ दिसतो. फक्त पडद्यावर ऊन पडू देऊ नका.

खामल्याहून

एवढं करण्यापेक्षा वाय-फाय का वापरत नाही? ‘आयपी वेबकॅम’ नावाचं अॅप गच्चीवरच्या अँड्रॉइड फोनवर टाका. तो फोन नेटवर्क कॅमेरा होतो. पडद्यावर जो पत्ता दिसतो तो दुसऱ्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की गच्चीवरचं चित्र चालू दिसतं, तिथूनच फोकस करता येतो आणि फोटो घेता येतो. इंटरनेट लागत नाही, दोन्ही फोन एकाच वाय-फायवर असले की झालं. गच्चीवर राउटर पोचत नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा. तुम्ही खाली स्वयंपाकघरात बसूनही फोटो काढाल.

कॉम्प्युटरशी मैत्री असेल तर ‘एससीआरसीपीवाय’ (scrcpy) हे मोफत सॉफ्टवेअरही आहे. फोनचा पडदा लॅपटॉपवर येतो आणि माऊसने सगळं चालवता येतं. त्यासाठी फोनमध्ये डेव्हलपर पर्याय उघडून यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. काम झालं की ते आठवणीने बंद करा.

बर्डीचा कारागीर

वाय-फायचा मार्ग चांगला आहे, पण मे महिन्यात त्याची मोठी अडचण आहे. कॅमेरा, पडदा, वाय-फाय आणि सतत चालणारं व्हिडिओ प्रक्षेपण, हे सगळं मिळून फोन आतून तापतो. त्यात बाहेरची हवा. अॅपल स्वतःच्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंशांच्या आत ठेवायला सांगतं. आपल्याकडे नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) सकाळी साडेआठलाच पारा त्याच्या आसपास असतो आणि दुपारी ४५ च्या वर. तापला की फोन आधी फ्लॅश बंद करतो, पडद्याचा उजेड कमी करतो, मग कॅमेरा अॅप बंद पाडतो. आयफोन थर्मामीटरचं चित्र दाखवून काम थांबवतो. मेमध्ये फुगलेल्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर रोज येतात.

म्हणून उजाडल्यापासून साडेसात-आठपर्यंतच फोन बाहेर ठेवा. कव्हर काढा. पडद्याचा उजेड कमी करा. विमान मोड लावून त्यात फक्त ब्लूटूथ चालू करा, सिम नेटवर्क शोधत राहत नाही. वरून पांढऱ्या कपड्याचा आडोसा द्या. बाहेर असताना चार्जिंग नको. आणि तापलेला फोन कूलरसमोर किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. सावलीत बंद करून ठेवला की आपोआप उतरतो.

पाणवठा

तापण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग वाय-फाय पावसाळ्यानंतर. आवाजाने फोटो निघतो असंही ऐकलंय, ते कसं?

खामल्याहून

दोन प्रकार आहेत. सॅमसंगमध्ये ‘व्हॉइस कमांड’ चालू केलं की ‘स्माइल’, ‘चीज’, ‘कॅप्चर’, ‘शूट’ यांपैकी काही म्हटलं की फोटो निघतो. त्याच यादीत ‘शो पाम’ असतं, सेल्फी कॅमेऱ्याला तळहात दाखवला की फोटो. घरच्या गटाच्या फोटोला हे सर्वांत सोपं. तान्ह्या पोळ्याला आमच्या वाड्यातली सगळी पोरं नंदीबैल घेऊन उभी राहतात तेव्हा मी तळहातच दाखवते, म्हणजे फोटोत मीही असते आणि कुणालाही बाहेर थांबावं लागत नाही.

आयफोनवर ‘व्हॉइस कंट्रोल’ आहे, २०१९ च्या आयओएस १३ पासून. ते चालू करून, कॅमेरा उघडा ठेवून ‘टर्न अप द व्हॉल्यूम’ असं इंग्रजीत म्हणायचं. पुन्हा तेच, आवाज वाढवायचं बटण.

दुसरा प्रकार ‘ओपन कॅमेरा’ या मोफत अॅपमध्ये आहे. कोणताही मोठा आवाज झाला की ते फोटो काढतं. टाळी वाजवा, पुरे.

गोरेवाडा पहाट

पाणवठ्यावर आवाजाचा मार्ग घेऊ नका. तुम्ही टाळी वाजवली की पक्षी उडणारच. शिवाय शेजारचा डेझर्ट कूलर चालू झाला, कोकीळ ओरडला, खाली भंगारवाल्याने हाक दिली, की प्रत्येक वेळी रिकाम्या भांड्याचा फोटो.

‘ओपन कॅमेरा’चंच दुसरं साधन मात्र उपयोगी आहे, ठरावीक सेकंदांनी आपोआप फोटो काढत राहण्याचं. कुणीही जवळ नसताना कोण येऊन जातं ते त्यातून कळतं.

वाडीचा गडी

अन् सरळ व्हिडिओच काहून नाही घेत? चालू करून खाली या, मंग घरी बसून निवडा.

गोरेवाडा पहाट

घेता येतो. ४के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे साधारण ८ मेगापिक्सेलचं चित्र, पाहायला पुरेसं. पण पंखांची फडफड त्यात पुसट येते, आणि वर कारागीरदादांनी तापण्याचं जे लिहिलंय ते व्हिडिओला आणखी लागू. मी स्वतः थांबून, पक्षी बघून, मग बटण दाबण्याच्या बाजूचा आहे. दयाळ पाण्यात उतरण्याआधी शेपटी उभारतो, तो क्षण तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला असावा. नंतर हजार फ्रेममधून शोधलेला नव्हे.

कुंडीतला बुलबुल

माझ्या बाल्कनीतल्या टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, दोन अंडी आहेत. हाच रिमोट वापरून घरट्याजवळ फोन लावला तर चालेल का? मी जवळ जाणारच नाही.

गोरेवाडा पहाट

नको. कृपा करून नको. पाणवठ्यावर पक्षी स्वतःच्या मर्जीने येतो, नको वाटलं तर दुसरीकडे जातो. घरट्यावरून त्याला जाता येत नाही. फोन लावायला तुम्ही एकदा जवळ जाणार, सेट करायला पुन्हा जाणार, तापला म्हणून काढायला तिसऱ्यांदा. या उन्हात आई अंड्यांवरून थोडा वेळ उठली तरी अंडी भाजतात. शिवाय माणूस वारंवार जिथे जातो तिथे कावळ्याची नजर जाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही धरलेलं आहे. पिल्लं उडेपर्यंत आतल्या पडद्याआडून बघा.

कुंडीतला बुलबुल

समजलं. नाही लावत. कुंडीला पाणीसुद्धा मग लांबूनच घालते.

समांतर

वेगळ्या कारणासाठी हा धागा वाचतेय. माझ्या वडिलांना कंपवात आहे. त्यांना फोटोचा फार नाद होता, फुटाळा तलावाच्या काठावर सूर्यास्ताला दर आठवड्याला जायचे. आता फोन धरला की हलतो, पडद्यावरचं बटण नेमकं दाबलं जात नाही, म्हणून त्यांनी फोटो काढणंच सोडलंय. त्यांच्यासाठी यातलं काय चालेल?

ओहमचा नियम

ताई, तुमच्या प्रश्नाला या धाग्यातली बरीच उत्तरं लागू पडतात. फोन ट्रायपॉडवर आणि बटण वडिलांच्या मुठीत, एवढी विभागणी केली की हात कितीही थरथरला तरी फोटो हलत नाही. छोटा रिमोट त्यांना दाबायला अवघड जाईल. मी वर लिहिलेला वायरचा रिमोट मोठ्या बटणाचा करता येतो, बेल वाजवायचं भिंतीवरचं बटण असतं ना, तेच लावायचं. तळव्याने दाबलं तरी चालतं. तीन सेकंदांचा टायमरही लावून ठेवा, म्हणजे दाबताना धक्का बसला तरी फोन तोवर स्थिर होतो.

बटणही नको असेल तर अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमधल्या ‘स्विच अॅक्सेस’ या सोयीत ‘कॅमेरा स्विचेस’ आहे, पण कॅमेरा अॅप उघडं असताना ते तुमच्या फोनवर चालतं का, हे आधी तपासून घ्या. त्यात हसणं, भुवया उंचावणं, तोंड उघडणं अशा चेहऱ्याच्या हालचालींना फोनची कामं नेमून देता येतात. कंपवातात चेहऱ्याच्या हालचाली मंद होतात, त्यामुळे किती हसलं की ते ओळखेल याची पातळी सेटिंगमध्ये कमी करून पाहा.

वायरचा रिमोट मी तुम्हाला बनवून देतो. फोनला ३.५ मिमीची जागा आहे की टाइप-सी, एवढं कळवा.

समांतर

टाइप-सी आहे. मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं, ‘बेलचं बटण पांढरं नको, लाल आण’ म्हणाले.

ओहमचा नियम

लालच लावतो. मग टाइप-सी ते ३.५ मिमी असा जोड घ्यावा लागेल. सगळे जोड सगळ्या फोनांवर चालत नाहीत, म्हणून दुकानात फोन नेऊन, इअरफोनच्या बटणाने समोर फोटो काढून पाहा आणि मगच पैसे द्या.

प्रतापनगरची

एक सूचना सगळ्यांसाठी. गच्चीवर चालू कॅमेरा ठेवून आपण आत जातो तेव्हा त्याचं तोंड शेजारच्या गच्चीकडे किंवा खिडकीकडे नाही ना, हे आधी बघा. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात, बायका वाळवणं घालतात. नकळत कुणी चित्रात आलं तर त्यांना सांगून फोटो पुसा. आणि मुद्दाम कुणी असं करत असेल, तर बाईच्या खासगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीच एक ते तीन वर्षं कैद. हा धागा पक्ष्यांचा आहे, पण रिमोट तोच आहे, म्हणून लिहिलं.

पाणवठा

बरोबर आहे. माझा कॅमेरा भिंतीच्या दिशेने आहे, तरी तपासते. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवते.

रिमोट आणला. जोडला गेला, फोटो निघतो. एक नवीन अडचण, रिमोट चालू असताना व्हॉट्सअॅपवर टाइप करायला कीबोर्डच येत नाही.

बर्डीचा कारागीर

पहिल्या उत्तरात लिहिलं होतं ना, फोन रिमोटला कीबोर्ड समजतो. खरा कीबोर्ड जोडलेला आहे असं वाटल्याने तो पडद्यावरचा कीबोर्ड लपवतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ शोधा, तिथे पडद्यावरचा कीबोर्ड दाखवायचा पर्याय चालू करा. नाहीतर काम झालं की रिमोटची कळ बंद करा, सेलही वाचेल.

पाणवठा

जमलं! हाच रिमोट जुन्या आयफोनलाही लावता येईल का? एक फोन समोरून आणि एक बाजूने ठेवायचा विचार आहे.

बर्डीचा कारागीर

लावता येईल, पण दोन्हीवर एकाच वेळी नाही. असे रिमोट एका वेळी एकाच फोनशी जोडलेले राहतात. आधी अँड्रॉइडच्या ब्लूटूथ यादीतून त्याला ‘विसरा’ करा, मग आयफोनशी जोडा. दोन्ही बाजूंनी एकदम फोटो हवे असतील तर अँड्रॉइडला रिमोट ठेवा आणि आयफोनला अॅपलचा वायरचा इअरफोन. दोन हातांत दोन बटणं.